सादिक, तू ‘पाठव’ म्हणाला होतास

सादिक, तुझ्या शोकसभेत मी पुन्हा गप्प बसलो.

आणि तेही अध्यक्षाच्या खुर्चीवर बसून. अकोल्याला तुझ्याच मंडळाच्या मैदानावर मंडप टाकला होता. तुझ्या फोटोला हार घालायचा की नाही यावर पोरांची बराच वेळ कुजबूज चालली होती. शेवटी तुझ्या मुलानं, इरफाननं, फुलं नुसती समोर ठेवली आणि विषय मिटवला. तू असतास तर म्हणाला असतास, “फुलाचं राहू द्या, मैदानात चपला घालून कोण आलं ते पाहा पहिले.” अर्ध्याहून जास्त लोक चपला घालूनच आले होते. कबड्डी संघटनेचे ते गृहस्थ, ज्यांना तू पाठीमागं ‘सफारी’ म्हणायचास, ते तर बूट घालून मध्यरेषेवर उभे राहून बोलले.

काय बोलले ते ऐक. “सादिकभाईंची नजर म्हणजे नजर होती. कबड्डीतला पोरगा पुढं जाईल की नाही, हे त्यांनी एकदा पाहून सांगावं आणि आपण डोळे मिटून मानावं. उभ्या आयुष्यात एकदाच चुकले, त्या अचलपूरच्या प्रफुल्लच्या बाबतीत. पण माणूस म्हटला की चुकणारच.”

मंडपातल्या माना हलल्या. रागानं नाही, मायेनं हलल्या, हे जास्त वाईट. जे तू केलंच नाहीस त्याबद्दल तुला सगळ्यांनी मिळून माफ करून टाकलं.

त्यांच्यानंतर माईक माझ्या हातात आला. एवढं एक वाक्य बोलायचं होतं, की चुकला तो सादिक नव्हे. ते सोडून मी तुझ्या घोट्याच्या पकडीबद्दल बोललो. आपण दोघं एका संघात कसे होतो, तू कोपऱ्यात आणि मी तुझ्या शेजारी, हातात हात धरून. आणि चढाई करणाऱ्याच्या पायावर झेपावण्याआधी तू माझा हात कसा दाबायचास, म्हणजे मला कळावं की आता सुटायचं आणि मागून धावायचं. लोकांना फार आवडलं. टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या! मी खाली बसलो आणि पाणी प्यायलो.

तेव्हापासून डोक्यातला राग उतरत नाही. स्वतःचा तर आहेच, पण तो जुना आहे, त्याच्यासोबत जेवण जातं. हा नवा राग तुझा आहे. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. का रागवू नये? जिवंत होतास तेव्हा तू रागवायची सोयच ठेवली नाहीस. प्रत्येक वेळी चहा मागवलास.

म्हणून हे लिहून छापायला देतो आहे, सफारीच्या नजरेला पडेल अशा ठिकाणी. प्रफुल्ल तयार आहे, त्याला व्यावसायिक लीगमध्ये पाठव, असं सादिक म्हणाला होता. थांबवा, असं मी म्हणालो होतो. आणि माझं म्हणणं मी त्याच्या नावावर खपवलं.

आता सगळं सांगतो. तुला माहीत आहे, पण हे तुझ्यासाठी नाही.

त्या वर्षी माझ्या कॉलेजच्या मैदानावर, अमरावतीला, हिवाळी स्पर्धा होत्या. टीव्हीवरच्या लीगला तेव्हा नुकताच जोर आला होता आणि एका संघाचा माणूस टोपी घालून गावोगाव पोरं पाहत फिरत होता. प्रफुल्ल माझ्याकडं बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होता. मिशीही नीट फुटली नव्हती. टोपीवाल्यानं त्याचे दोन सामने पाहिले आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, “पोरगा द्या आम्हाला. शिबिराला येऊ द्या, तिथून संघात घेतो. पण परवापर्यंत कळवा.” शिबिराला जायचं म्हणजे वर्ष सोडायचं. वर्ष सोडायचं म्हणजे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सोडायची. त्या स्पर्धेत माझ्या कॉलेजनं कधी काही जिंकलं नव्हतं, आणि माझं ते नोकरीचं शेवटचं वर्ष होतं.

मी तुला अकोल्याहून बोलावून घेतलं. बोलावलं ते खरं विचारायला, यावर अजूनही माझा विश्वास आहे. तू आलास, गुणांच्या बोर्डाजवळ लोखंडी खुर्ची ओढून बसलास, आणि अख्खा सामना मैदानाकडं फारसं पाहिलंच नाहीस. मला वाटलं, म्हाताऱ्याचं लक्ष नाही.

मग बाहेर गिल्या वड्याच्या गाडीवर आपण उभे होतो.

“पाह्यलं का?” मी विचारलं.

“पाह्यलं.”

“शेवटच्या चढाईत तं त्यानं...”

“चढाया कोण पाह्यते बे? मी त्याले बाहेर बसलेला पाहून राह्यलो होतो.”

ज्यांना कबड्डी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाद झालेला खेळाडू मैदानाबाहेर ओळीत बसतो. आपल्या संघानं समोरचा गडी टिपला की ओळीतला पहिला परत आत जातो. खेळातला तो सगळ्यात वाईट वेळ. बरेच जण तिथं टॉवेल तोंडावर घेतात, गुडघे चोळतात, पंचाला शिव्या देतात. प्रफुल्ल त्या दिवशी बराच वेळ त्या ओळीत होता आणि तू त्याला तिथं वाचत होतास.

“एकदा तरी मान खाली घातली का त्यानं?” तू म्हणालास. “बाजूच्याले सांगून राह्यला होता, तो उजव्या कोपऱ्यातला गडी पाय आधी टाकते न् हात मंग. मले ते दिसाले अर्धा सामना लागला, देव्या. पोट्टा बाहेर बसूनही खेळून राह्यला होता. तयार आहे. पाठव.”

“पहिल्या वर्षाचा आहे. वजन कुठं आहे त्याले? तिकडचे हरियाणाचे पोट्टे उचलून आपटतीन.”

“आपटू दे. आपटल्यावर तो काय करते, तेच तं पाह्यलं ना मी आत्ता.”

“एक वर्ष थांबला तं काय बिघडते?”

तू द्रोण गाडीच्या फळीवर ठेवलास. “तुले पोट्टा पाह्यजे का कप पाह्यजे?”

मी हसून म्हणालो, “दोन्ही.” तू हसला नाहीस.

इथं एक गोष्ट मला स्वच्छ लिहायची आहे, कारण तू हयात असताना तिच्यावरून आपला वाद कधी संपला नाही. त्याचं वजन खरोखर कमी होतं. माझी शंका खोटी नव्हती. ती खोटी असती तर किती बरं झालं असतं! मी सरळ बदमाश ठरलो असतो आणि प्रकरण संपलं असतं. पण माझी शंका आणि माझा स्वार्थ एकाच जुवाला जुंपलेले होते. कोण ओढत होतं आणि कोण नुसतं सोबत चालत होतं, ते मला तेव्हा पाहायचं नव्हतं आणि आता दिसत नाही.

प्रफुल्ल लांब जिन्याजवळ उभा होता, टॉवेल गळ्यात टाकून. आपल्याकडंच पाहत होता. तू त्याच्याजवळ गेलास, पाठीवर थाप मारलीस आणि एवढंच म्हणालास, “सर सांगतीन.”

हा आपल्या मैदानांचा नियम. दुसऱ्याच्या पोराला निकाल आपण सांगायचा नाही. ज्याचा पोरगा, त्यानं सांगायचं, नाहीतर पोराच्या मनात आपल्या सराची किंमत राहत नाही. वऱ्हाडातल्या सगळ्या जुन्या मंडळांत हे पाळलं जातं आणि आपल्याला त्याचा अभिमान. कसला अभिमान, सादिक? त्या दिवशी तू दोन शब्द त्याच्या कानात बोलला असतास तर माझ्या बापालाही खोटं बोलता आलं नसतं. पण तू माझा मान राखलास आणि अकोल्याची बस धरलीस. खिडकीतून हात हलवलास. मी पण हलवला.

दुसऱ्या दिवशी मी अचलपूरला गेलो. प्रफुल्लच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान घरालाच लागून. ते एका पोराच्या सायकलचं चाक काढून बसले होते. प्रफुल्ल शेजारी पाना घेऊन उभा. त्याची आई पदराला हात पुसत दारात आली.

“आमाले यातलं काही समजत नाही जी,” वडील म्हणाले. “सादिक सर आले होते म्हणे पाह्याले. त्यायनं काय म्हणलं? ते म्हणतीन तसं करू.”

बघ, मला कुणी विचारलंच नव्हतं. मी त्याचा सर. सकाळी त्याला पळवणारा मी, त्याच्या पायाला तेल लावणारा मी, आणि त्या बापाला पाहिजे होता तुझा शब्द. हा राग मी आजवर कुठंच सांगितला नाही. त्या क्षणी तोही मध्ये होता. म्हटलं, तुझाच शब्द पाहिजे ना? घ्या.

मी म्हणालो, “सादिकभाई म्हणते, अजून कच्चा आहे. वर्षभर थांबवा.”

किती सोपं गेलं. 

“असं म्हणले?” प्रफुल्लनं विचारलं. “सादिक सर?”

“हो.”

“बाहेर बसलो होतो तवा माह्याकडंच पाह्यत होते. मले वाटलं...” त्यानं पाना पेटीत ठेवला आणि आत गेला. त्याच्या आईनं मला चहा दिला. मी तो प्यायलो आणि अमरावतीला येऊन टोपीवाल्याला नाही कळवलं.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमचा तिसरा क्रमांक आला. पहिला नाही, दुसरा नाही. तिसरा. कॉलेजच्या ऑफिसातल्या काचेच्या कपाटात तो कप अजून आहे. त्याचा एक कान तुटला आहे आणि त्यात कुणीतरी टाचण्या ठेवतो.

त्या तिसऱ्या क्रमांकाच्या सत्काराला मी तुला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. आपण दोघं शेजारी उभे होतो आणि पोरं ओळीनं पाया पडत होती. प्रफुल्ल आला. माझ्या पायांना हात लावला, तो हात कपाळाला लावला, आणि तुझ्या समोरून सरळ पुढं निघून गेला. जणू तिथं माणूसच उभा नव्हता.

तू काय केलंस? अर्धं पाऊल मागं सरलास. त्याला जायला जागा करून दिलीस.

समारंभ संपल्यावर चहाच्या टपरीवर तू मला विचारलंस, “काय सांगितलंस त्याले?” मी सांगितलं. सगळं, शब्दाला शब्द. तू ऐकून घेतलंस आणि टपरीवाल्याला म्हणालास, “साखर कमी आहे रे, थोडी टाक.”

बस. एवढंच.

“काही बोल ना बे,” मी म्हणालो.

“काय बोलू? तुहा पोट्टा आहे.”

तिथंच, राजकमल चौकात, भर गर्दीत, माझ्या एक थोबाडीत मारायची होतीस. शिवी द्यायची होतीस, चांगली अकोल्याची. माझी कॉलर धरून मला परत कॉलेजात न्यायचं होतं आणि त्या पोरासमोर उभं करायचं होतं. मी रडलो असतो, माझी अब्रू गेली असती, आणि तो वर्षभरात कुठल्या तरी दुसऱ्या शिबिराला गेला असता. तू साखर मागितलीस.

मैदानावर झेपावण्याआधी तू माझा हात दाबल्याशिवाय कधी झेपावला नाहीस. एवढा एकच डाव असा, की मला न कळवता माझ्या पापावर जाऊन पडलास.

दुसऱ्या वर्षी टोपीवाला आला नाही. त्यांना दुसरी पोरं मिळाली होती. प्रफुल्ल स्वतः पुण्याला एका खुल्या निवड चाचणीला गेला आणि परत आला. मी तोवर निवृत्त झालो होतो. घरी आला, ओसरीवर बसला आणि म्हणाला, “चढाईले जातो न् मधीच सादिक सर दिसते, सर. कच्चा आहे म्हणते. पाय रेषेच्या पुढं जात नाही.”

तेव्हाही मी बोललो नाही. हे वाचणाऱ्यांनो, वाटलं तर इथं थांबा आणि मला काय म्हणायचं ते म्हणा. अचलपूरचं खोटं मोहात बोललो म्हणेन. ओसरीवरचं कशात बोललो? पोरगा माझ्यासमोर त्याची जखम उघडून बसला होता, औषध माझ्या खिशात होतं, आणि मी त्याला म्हणालो, “मनावर नको घेऊ. सराव चालू ठेव.”

त्यानं सराव चालू ठेवला. पोलीस भरतीला दोनदा गेला, दोन्ही वेळा राहिला. आता परतवाड्याला एका शाळेत कंत्राटावर खेळाचा शिक्षक आहे, मुलींची कबड्डी घेतो. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या स्पर्धेत आपण दोघं पाहुणे असायचो आणि तो त्याच्या मुली घेऊन यायचा. दरवर्षी माझे पाय, आणि दरवर्षी तुझं ते अर्धं पाऊल. मी ते पाऊल पाहून पाहून म्हातारा झालो.

एकदा तुझ्या घरी मी विषय काढला होता. तू आरामखुर्चीत, गुडघ्याला पट्टा बांधलेला. म्हणालास, “त्याले राग धराले कोणीतरी पाह्यजेच होतं ना? माह्यावर धरला तं तो मैदानावर राह्यला. तुह्यावर धरला असता तं गेला कोणाकडं असता? बिनसराचा पोट्टा टिकत नाही.”

“न् तुहं नाव?”

“माह्या नावाचं काय लोणचं घालतं का?” आणि भाभींना हाक मारून चहा सांगितलास.

ते ऐकून मला इतका आधार वाटला की लाज वाटावी. परतीच्या बसमध्ये मी झोपलोसुद्धा. तू मला ‘सांगू नको’ कधी म्हणाला नाहीस. पण मी मात्र तुझी तशी इच्छा आहे असं धरून चाललो. आज कळतं, तू वाट पाहत होतास. म्हणजे सफारीचं एका अर्थी खरंच आहे. तुझी नजर एकदा चुकली. प्रफुल्लच्या बाबतीत नाही. माझ्या. तू मला त्या बाहेरच्या ओळीत बसलेला पाहिलंस आणि वाटलं तुला, हा तयार होईल, उठेल, जाईल, सांगेल. इतकी वर्षं पाहत राहिलास. मी टॉवेल तोंडावर घेऊन बसलो होतो, सादिक. तुला ते कसं दिसलं नाही?

की दिसलं होतं?

ईदला तू शीरखुर्म्याचा डबा अकोला-अमरावती बसच्या कंडक्टरकडं द्यायचास आणि फोन करून सांगायचास, “गाडी निघाली, स्टँडवर उभा राह्य, नाही तं कंडक्टर पिऊन घेईन.” दिवाळीला तोच डबा चकल्या भरून त्याच गाडीनं परत यायचा. माझी बायको गेली त्या वर्षी चकल्या करायला कुणी नव्हतं, तर तू डबा मागितलाच नाहीस. दुसऱ्या ईदला नवा डबा पाठवलास. मैत्रीत असं वागणारा माणूस मला मिळाला, याबद्दल मी देवाचे पाय धरतो. आणि त्याच माणसाच्या नावावर मी ते खपवलं, म्हणून झोपेतून उठून बसतो.

शोकसभेनंतर दोन-चार दिवसांनी दोन्ही डबे घेऊन भाभींकडं गेलो. रिकामे कसे द्यायचे म्हणून साखर भरून नेली. त्या पडद्याआड बसल्या होत्या.  मग त्या म्हणाल्या, “भाईसाब, वो अचलपूर का बच्चा नहीं आया. अभी तक नाराज है क्या?”

मी डबे इरफानकडं दिले.

“आखिर तक पूछते थे,” त्या म्हणाल्या. “उसकी लडकियाँ जीती क्या, इरफान से पेपर में देखने को लगाते थे. मैं बोली, वो तो तुमको सलाम तक नहीं करता. तो हँसते थे. बोले, बाहर बैठा है, आएगा अंदर.”

मी उठलो. चप्पल उलटी घातली तेही कळलं नाही. इरफान म्हणाला, “चाचा, चाय तो पीकर जाओ.” मी म्हणालो, आज नाही.

पुढच्याच सकाळी परतवाड्याची बस धरली.

शाळेच्या मैदानावर मुलींचा सराव चालला होता. प्रफुल्लनं मला पाहिलं, धावत आला, पायाला हात लावला. आता अंगानं भरला आहे. जे वजन मला तेव्हा पाहिजे होतं ते आता आहे. कडेच्या दगडी रुळावर आम्ही बसलो. मी आडवळण घेतलं नाही, घेतलं असतं तर पुन्हा पळालो असतो. म्हणालो, “सादिकनं तुले कच्चा म्हणलंच नव्हतं. तो पाठव म्हणला होता. मीच खोटं बोललो.”

तो मैदानाकडं पाहत राहिला. एक मुलगी बाद होऊन ओळीत येऊन बसली, मान खाली. त्यानं तिथूनच आवाज दिला, “ए सायली, मान वर! खेळ तिकडं चालू आहे, तुह्या पायात नाही.” मग माझ्याकडं न पाहता म्हणाला, “नेमकं काय म्हणले होते? त्यायच्याच शब्दात सांगा.”

मी सांगितलं. चढाया कोण पाह्यते, इथपासून. बाहेर बसून खेळून राह्यला होता, इथपर्यंत. उजव्या कोपऱ्याचंही सांगितलं.

“पाय आधी टाकायचा तो,” प्रफुल्ल म्हणाला. “त्यायले ऐकू गेलं होतं?”

“हो. म्हणे, मले दिसाले अर्धा सामना लागला.”

त्याच्या तोंडावर काहीतरी आलं आणि गेलं. हसू होतं का, मला सांगता येणार नाही. “न् तुमाले काय वाटलं होतं?” त्यानं विचारलं.

“वजन कमी वाटलं होतं.” मी थांबलो. मग म्हणालो, “न् कप पाह्यजे होता.”

“कप,” तो म्हणाला. “तिसरे आलो होतो ना सर आपण.”

त्यानं शिवी दिली असती तरी चाललं असतं. तो फक्त जुना निकाल आठवत होता.

मग त्यानं विचारलं, “कब्रस्तानात आमच्यासारख्याले जाऊ देतात का?”

“देतात. मी माती देऊन आलो.”

“आता माती थोडी देता येते? आता तं झालं ना सगळं.”

“नुसतं उभं राहाले जा. इरफानले फोन कर, तो नेईन.”

त्यानं इरफानचा नंबर घेतला. पहिल्यांदा मी आकडे चुकीचे सांगितले, पुन्हा सांगावे लागले. मग त्यानं शिट्टी वाजवली आणि मुलींना जवळ बोलावलं. “सर निघाले,” म्हणाला. मुली ओळीनं आल्या, एकेक वाकली, धुळीचे हात माझ्या पायांना लागले. सगळ्यात शेवटी तो उभा होता. माझी सवय अशी, की तो वाकायच्या आधीच माझा हात त्याच्या पाठीकडं जातो. तसा गेला.

तो वाकला नाही. माझ्याकडं एकदा नीट पाहिलं, आणि माझ्या समोरून मैदानाकडं चालू लागला.

माझा हात हवेतच राहिला. मी अर्धं पाऊल मागं सरलो, तू सरायचास तसंच; जागा करून दिली. फरक एवढाच, सादिक. तुझ्या समोरून तो इतकी वर्षं खरं न कळता जात होता. माझ्या समोरून तो कळून गेला.